दिवानिद्रा, उठल्यानंतरचे जडत्व आणि थीनमिद्ध

दुपारी झोपून उठल्यावर डोके जड होणे, डोळ्यांवर गुंगी राहणे, अंग मोडून येणे, कोणी हाक मारली तरी ‘ओ’ देण्यास विलंब लागणे आणि क्षणभर ही सकाळ आहे की संध्याकाळ हेही न उमगणे, हा अनुभव धाराशिव जिल्ह्यातील माणसाला नवा नाही. चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांच्या वर गेला की भरदुपारी शिवार ओस पडते आणि ज्याला जिथे सावली मिळेल तिथे तो अंग टाकतो. विश्रांती मिळावी म्हणून घेतलेली झोप उलट थकवा वाढवून का जाते, हा प्रश्न तसा घरगुती आहे. परंतु विहारात येणाऱ्या उपासक-उपासिकांकडून तो आमच्यापुढे निराळ्या स्वरूपात येतो. उठल्यानंतरचे हे जडत्व म्हणजेच पाच नीवरणांतील थीनमिद्ध काय? दिवसा झोपणारा माणूस शीलात कमी पडतो काय? दुपारच्या ध्यानाला बसल्यावर डुलक्या येतात, त्या मनाच्या दुर्बलतेमुळे येतात की भाकरीमुळे? यांतील काही प्रश्न शरीराचे आहेत व काही चित्ताचे आहेत. दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे निष्कारण अपराधी वाटून घेणारे अनेकजण आम्ही पाहतो, म्हणून प्रस्तुत विषयाचा थोडा विस्ताराने विचार करणे आम्हास आवश्यक वाटते.

प्रथम शरीराची बाजू पाहू. झोप ही एकसारखी, सपाट अशी अवस्था नाही. मेंदूतील विद्युतलहरींच्या आलेखावरून तिचे टप्पे सांगता येतात. आरंभी हलकी ग्लानी, त्यानंतर उथळ झोप, त्यानंतर मंद व मोठ्या लहरींची गाढ झोप, आणि शेवटी डोळ्यांची बुबुळे मिटल्या पापण्यांआड वेगाने हलतात ती स्वप्नांची झोप. असे एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचे असते. निरोगी व रात्री पुरेशी झोप घेतलेला माणूस दुपारी आडवा झाला, तर साधारणतः २० ते ३० मिनिटांनंतर तो गाढ झोपेच्या टप्प्यात उतरू लागतो. या टप्प्यातून कोणी हलवून उठवले, कुकरची शिटी वाजली किंवा दारात कोणी ओरडले, तर डोळे उघडतात, पण सगळा मेंदू त्याच क्षणी जागा होत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जागे झालेल्या माणसांच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजला गेला. जाणीव टिकवून धरणारे मेंदूच्या तळाचे व मध्याचे भाग लगेच पूर्ववत झाले. मात्र कपाळामागील भाग, ज्याच्यावर निर्णय, तारतम्य व आवर घालण्याची शक्ती अवलंबून असते, तो सावकाश पूर्ववत होत गेला. म्हणजे माणूस चालतो, बोलतो, पाणी पितो, पण त्याचा विवेक अजून पुरता उठलेला नसतो. या अवस्थेला आपण निद्राजडत्व म्हणू. ती सामान्यतः १५ ते ३० मिनिटे टिकते; झोपेची मोठी थकबाकी असलेल्या माणसात ती तासभर किंवा त्याहूनही अधिक काळ रेंगाळते.

थकबाकी हा शब्द आम्ही मुद्दाम योजला आहे. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेत ते कमी होते. जितके जागरण अधिक, तितका झोपेचा दाब अधिक. याच्या जोडीला शरीराचे आपले एक घड्याळ आहे. दिवस-रात्रीच्या फेऱ्यात दुपारी साधारण एक ते चारच्या दरम्यान जागेपणाची ओढ थोडी सैल पडते. पुष्कळांची अशी समजूत आहे की दुपारची पेंग केवळ जेवणाने येते. तसे नाही. उपाशी माणसालाही त्या वेळी पेंग येते. भरपेट जेवणाने ती वाढते, एवढेच. त्यातच पत्र्याच्या घरात, वारा बंद असताना झोपल्यास घामावाटे पाणी जाते आणि उठल्यावरच्या जडत्वात तहानेची डोकेदुखी मिसळते. मराठवाड्यातील जुनी माळवदाची घरे उन्हाळ्यात थंड राहत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा-लोहारा भागात दगडमातीच्या घरांखाली माणसे गाडली गेली, तेव्हापासून त्या घरांची धास्ती बसली, आणि ती रास्तच होती. पण दुपारच्या झोपेचा विचार करताना पत्र्याचा ताप विसरून चालणार नाही.

किती वेळ झोपावे, याविषयी प्रयोग झाले आहेत. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली ५, १०, २० व ३० मिनिटांच्या दुपारच्या झोपेची तुलना प्रसिद्ध केली. आदल्या रात्री कमी झोप मिळालेल्या तरुणांवर हा प्रयोग होता. १० मिनिटांच्या डुलकीनंतर ताजेपणा लगेच जाणवला. ३० मिनिटांच्या झोपेनंतर मात्र काही काळ सुस्ती होती आणि लाभ त्यानंतर दिसला. यावरून शहरातील वर्तमानपत्रे ‘वीस मिनिटांच्या आत उठा’ असा सल्ला देतात. कचेरीत खुर्चीवर बसून काम करणाऱ्या व रात्री सात-आठ तास झोपणाऱ्या माणसापुरता तो सल्ला योग्यही आहे. परंतु आमच्या जिल्ह्यात दिवसा झोपणारा माणूस बहुधा असा नसतो, हे सल्ला देणाऱ्यांच्या ध्यानी येत नाही.

शेतीपंपांना काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री अशा पाळीने वीज मिळण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. रात्रीची पाळी आली की माणूस जेवून, हातात बॅटरी घेऊन शेतात जातो आणि बारे देत पहाट करतो. विंचू-सापाची भीती, थंडीत गुडघाभर चिखल आणि मध्येच वीज गेली तर ती येईपर्यंत बांधावर ताटकळत बसणे. दिवसा वीज मिळावी या हेतूने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली. जिथे तिचा लाभ पोहोचला नाही तिथे रात्रीचे जागरण चालूच आहे. भूम, वाशी, कळंब या भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पहाटे अंधारात कोयता हाती घेतात आणि वाहन भरण्याची वेळ आली की मध्यरात्रही त्यांना वर्ज्य नसते. साखर कारखान्यातील रात्रपाळीचा कामगार, ऊस वाहणारा चालक, जिल्हा रुग्णालयातील परिचारिका, बँकेच्या दारावरचा पहारेकरी यांचीही तीच गत. अशा माणसाची झोपेची थकबाकी मोठी असते. तो दुपारी पाठ टेकताच काही मिनिटांतच गाढ झोपेत जातो. त्याला विसाव्या मिनिटाला उठवणे म्हणजे नेमके गाढ झोपेतून ओढून काढणे होय. त्याला सवड असल्यास दीड तासाचे पूर्ण आवर्तन, आणि शक्य तर त्याहूनही अधिक झोप, अंधाऱ्या व वारा खेळत्या जागी मिळाली पाहिजे. तो ‘दिवसभर लोळतो’ असे म्हणणारे शेजारी रात्री स्वतःच्या अंथरुणात होते, हे त्यांनी आठवावे.

रात्रीची झोप कोणाची आणि जागरण कोणाचे, हा प्रश्न आपल्या समाजाला काही नव्याने शिकवावा लागत नाही. गावकामगार म्हणून राबणाऱ्या महार वतनदाराला दिवसाचे काम आणि रात्रीचे काम असा भेदच नव्हता. वेशीवर राखण करणे, सरकारी टपाल पुढच्या गावी पोहोचवणे, अंमलदार आला की त्याच्या घोड्याची व्यवस्था करणे, हे सारे कोणत्याही प्रहरी सांगितले जाई आणि घरातील कर्ता आजारी असेल तर दुसऱ्याला जावे लागे. मोबदला काय, तर तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच कारणाने. फेब्रुवारी १९४१ मध्ये आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली व तिला बाबासाहेब स्वतः उपस्थित होते. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा पुढे १९५८ साली झाला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना कामाचे तास कमी करण्याच्या प्रश्नाला त्यांनी हात घातला आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवडा ४८ तासांवर आला. त्याकडे वेतन व न्यायाच्या अंगाने पाहिले जाते, ते योग्यच आहे. परंतु झोपेच्या अंगानेही पाहावे असे आम्हास वाटते. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाच्या कामज व्यसनांमध्ये मृगया व द्यूत यांच्या लगत दिवानिद्रा मोजलेली आहे. सुस्त राजासाठी केलेली ती टीका वेशीवर रात्र जागलेल्या येसकराला लावता येत नाही. लावणाऱ्यांनी मात्र ती लावली.

आता धम्मग्रंथांकडे वळू. भगवान बुद्धांना ‘तुम्ही दिवसा झोपता काय?’ असा थेट प्रश्न एकाने विचारला होता, आणि त्याचे उत्तर मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात नोंदलेले आहे. प्रश्न विचारणारा निगंठपुत्त सच्चक हा वादपटू होता. वैशालीच्या महावनातील कूटागारशालेत पुष्कळ संवाद झाल्यावर त्याने हा प्रश्न टाकला. प्रश्नात खोच होती. श्रमण गोतम दिवसा झोपतात असे कबूल करवून घ्यायचे आणि मग ही मोहात राहणारी माणसे आहेत असे म्हणायचे. बुद्धांनी आडपडदा न ठेवता सांगितले की, होय, उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात, भिक्षाटनाहून परतल्यावर व भोजनानंतर, संघाटीची चौपदरी घडी करून उजव्या कुशीवर स्मृतिमान व संप्रज्ञ राहून आपण झोपल्याचे आपणास आठवते. यावर सच्चकाने अपेक्षेप्रमाणे काही श्रमण-ब्राह्मण याला संमोहविहार म्हणतात असे सुनावले. बुद्धांचे उत्तर असे की, कोणी झोपतो किंवा झोपत नाही एवढ्यावरून तो मूढ की अमूढ हे ठरत नाही. ज्याचे आस्रव नष्ट झालेले नाहीत तो मूढ, ज्याचे नष्ट झाले तो अमूढ.

या उत्तरातील तपशील आम्हास फार मोलाचा वाटतो. महिना कोणता, वेळ कोणती, खाली काय अंथरले, कूस कोणती, हे सारे सांगितले आहे. झोपेचे समर्थन नाही आणि लपवाछपवीही नाही. कडक उन्हाळा, पायी केलेले भिक्षाटन, झालेले भोजन ही शरीराची कारणे आहेत. त्यांचा परिणाम तथागतांच्याही देहावर होतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही दिवानिद्रेचा सामान्यतः निषेध करून ग्रीष्म ऋतूत तिला मोकळीक दिली आहे, आणि रात्री जागलेले, ओझे वाहून व वाट चालून थकलेले, वृद्ध व बालक यांना ती कोणत्याही ऋतूत मान्य केली आहे. आमच्या जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील उत्खननात सातवाहनकालीन विटांच्या स्तूपाचे अवशेष सापडले. तेथील भिक्खूंनी हाच वैशाख सोसला असणार आणि संघाटीची घडीही बहुधा घातली असणार. जाता जाता एक खुलासा करावासा वाटतो. सुत्तांमध्ये वारंवार येणारा ‘दिवाविहार’ हा शब्द दुपारच्या झोपेचा वाचक नाही. भोजनानंतर झाडाखाली एकांतात बसून केलेली साधना म्हणजे दिवाविहार. आमच्याकडे काही ठिकाणी विनोदाने वामकुक्षीला दिवाविहार म्हणतात. विनोद म्हणून ते चालेल.

मग थीनमिद्ध म्हणजे काय? धम्मसंगणीत थीन ही चित्ताची अकर्मण्यता व मिद्ध ही वेदना, संज्ञा व संस्कार यांच्या समूहाची, म्हणजे नामकायाची, अकर्मण्यता अशी फोड आहे. संयुत्त निकायात शेवाळाने झाकलेल्या पाण्याच्या भांड्याची उपमा दिली आहे. पाणी आहे, पण त्यात तोंड दिसत नाही. दुपारच्या झोपेतून उठलेल्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. पण उपमा जुळली म्हणून वस्तू एक होत नाही, आणि येथेच प्राचीन आचार्यांमध्ये एक रोचक मतभेद झालेला दिसतो. उपतिस्स स्थविरांचा विमुत्तिमग्ग हा ग्रंथ मूळ पालीत संपूर्ण उपलब्ध नाही. सहाव्या शतकाच्या आरंभी संघपालांनी केलेल्या चिनी भाषांतरावरून तो आपणास ज्ञात आहे. त्यात मिद्धाचे तीन प्रकार सांगितले आहेत. आहारातून उद्भवणारे, कालातून उद्भवणारे व चित्तातून उद्भवणारे. पहिली दोन अरहंतालाही येऊ शकतात आणि ती नीवरण नव्हेत. चित्तातून येणारे मिद्ध तेवढे नीवरण होय. आचार्य बुद्धघोषांना मिद्धाची गणना रूपात, म्हणजे शारीरिक धर्मांत, करणे मान्य नव्हते. विसुद्धिमग्गात त्यांनी ती नाकारली. त्यांचा तर्क असा की, मिद्ध हे नीवरणांत मोजलेले आहे आणि बुद्धांच्या ठायी नीवरण नाही, म्हणून ते रूप असू शकत नाही.

शास्त्रार्थ म्हणून बुद्धघोषांची बाजू काटेकोर आहे. परंतु दोन्ही आचार्यांच्या मतांतून व्यवहाराला मिळणारा निष्कर्ष जवळपास एकच निघतो. एकाच्या मते देहाची सुस्ती हे मिद्ध आहे पण नीवरण नाही. दुसऱ्याच्या मते देहाची सुस्ती हे मिद्धच नाही. आहार, काल व चित्त ही विमुत्तिमग्गाची विभागणी मात्र दुपारच्या पेंगेला विलक्षण चपखल बसते. भाकरी आहार झाली, दुपारचे दोन व वैशाख महिना हा काल झाला, आणि कंटाळा, टाळाटाळ, ‘नंतर बघू’ ही वृत्ती चित्त झाली. पहिल्या दोहोंवर पश्चात्ताप कामाचा नाही, उपाय कामाचा आहे. तिसऱ्याची परीक्षा सोपी आहे. चांगली झोप झालेली असताना, सकाळच्या गार वेळी, आवडीच्या कामात ताजेपणा येतो आणि धम्मवाचनाला बसताच जांभया सुरू होतात, तर ते नीवरण समजावे.

मिलिंदपञ्हात निद्रेचा आदि, मध्य व अंत यांविषयी मिलिंद राजाने नागसेन स्थविरांना विचारले आहे. देह झाकोळल्यासारखा, दुर्बल व कामास नालायक होणे हा आदि. माकडासारखी अर्धवट झोप, म्हणजे कधी जाग कधी ग्लानी, हा मध्य. आणि भवंगात शिरणे हा अंत, असे नागसेन सांगतात. आजच्या निद्राटप्प्यांशी याचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. तथापि यावरून ‘आमच्या ग्रंथांत सर्व विज्ञान आधीच होते’ असा डंका पिटण्याची पद्धत आम्हास पसंत नाही. नागसेनांजवळ विद्युतलहरी मोजण्याचे यंत्र नव्हते. त्यांच्याजवळ स्वतःच्या देहाकडे लक्ष देऊन पाहण्याची शिस्त होती, आणि तिचे श्रेय तेवढ्यापुरते अवश्य द्यावे.

ही शिस्त सर्वांत ठळकपणे दिसते ती अंगुत्तर निकायाच्या सत्तक निपातातील पचलायन सुत्तात. मगध देशातील कल्लवाळपुत्त गावी महामोग्गल्लान बसल्या जागी पेंगत होते. अट्ठकथेनुसार प्रव्रज्येनंतरचा तो सातवा दिवस होता आणि अतिपरिश्रमाने ते थकलेले होते. पुढे अग्रश्रावक झालेला हा पुरुषही पेंगतो, ही गोष्ट सुत्तकारांनी झाकलेली नाही. बुद्ध त्यांना रागावत नाहीत. ‘पेंगतोस काय, मोग्गल्लान?’ असे विचारून, ‘होय’ असे उत्तर मिळताच, ते एकापाठोपाठ एक उपाय सांगू लागतात. ज्या विचारात असताना पेंग आली तो विचार सोडून द्यावा. त्याने न भागल्यास ऐकलेल्या धम्माचे मनात चिंतन करावे. न भागल्यास तो मोठ्याने म्हणावा. त्यानेही न भागल्यास कानाच्या दोन्ही पाळ्या ओढाव्यात व हातापायांवर तळवे चोळावेत. मग आसनावरून उठून डोळ्यांवर पाणी मारावे, चारी दिशांना पाहावे, वर नक्षत्रांकडे पाहावे. मग आलोकसंज्ञा, म्हणजे उजेडाची जाणीव, मनात धरावी. मग येरझारा घालाव्यात. आणि एवढ्यानेही झोप जात नसेल तर? तर सरळ झोपावे. उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून, उठण्याची वेळ मनाशी धरून. जाग येताच मात्र लगेच उठावे. लोळण्याच्या, कूस बदलण्याच्या व पेंगण्याच्या सुखात गुंतून राहू नये.

झोप हा या यादीत पराभव नसून शेवटचा उपाय आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आणि जाग आल्यावर पुन्हा न लोळण्याची सूचना तर आपल्या विषयाचा गाभाच होय. निद्राजडत्वात पुन्हा डोळे मिटले की माणूस दुसऱ्या आवर्तनात घसरतो, आणि तेथून उठणे पहिल्याहून कठीण जाते. हिरोशिमा येथील संशोधकांनी २००३ साली दुपारच्या २० मिनिटांच्या झोपेनंतरच्या उपायांची तुलना प्रसिद्ध केली. झोपेपूर्वी घेतलेले कॅफिन, उठल्यावर डोळ्यांसमोर प्रखर उजेड, आणि उठल्यावर तोंड धुणे. तिन्हींनी गुंगी कमी झाली. तोंड धुण्याचा परिणाम चटकन झाला पण अल्पकाळ टिकला. कॅफिनचा परिणाम सर्वाधिक टिकला. प्रयोग लहान होता, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. कॅफिनचे कारण सरळ आहे. चहा पोटात गेल्यावर त्याचा असर जाणवण्यास साधारण २० ते ३० मिनिटे लागतात, म्हणून आधी अर्धा कप चहा घेऊन लगेच आडवे झाले, तर उठण्याच्या वेळी तो कामाला येतो. आमच्याकडे चहा उठल्यावर घेण्याची रीत आहे. ती मोडण्याचा आग्रह नाही. मात्र चार वाजल्यानंतरचा चहा आणि चार वाजल्यानंतरची झोप, या दोहोंनी रात्रीची झोप बिघडते, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पेंग येते, आणि चक्र फिरत राहते.

जेवणाविषयीही एक सुत्त प्रसिद्ध आहे. कोसलनरेश पसेनदी द्रोणभर भाताचे भोजन करून धापा टाकीत बुद्धांकडे आला. बुद्धांनी मिताहाराची एक गाथा म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करवून, आपण जेवायला बसलो की म्हणत जा, असे सांगून त्याबद्दल रोजचे १०० कार्षापण ठरवून दिले. हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर आला. आमच्या घरांत जेवताना गाथा म्हणणारा कोणी ठेवणे शक्य नाही. पण लग्नाच्या पंगतीत तिसऱ्यांदा बुंदीचा आग्रह करणाऱ्यांनी दुपारी वाहन चालवत घरी परतायच्या पाहुण्याचा विचार करावा.

कारण निद्राजडत्वाचा खरा धोका डोकेदुखीत नाही. विवेक अजून उठलेला नसताना हात मात्र चालू लागतात, त्यात आहे. दुपारी गाढ झोपेतून उठून ओल्या हाताने मोटारीच्या स्टार्टरला हात घालणे, कडबाकुट्टीत वैरण सारणे, मळणीयंत्रापाशी उभे राहणे, ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल सुरू करणे, या प्रत्येक ठिकाणी अर्ध्या क्षणाचा उशीर बोटावर किंवा जिवावर बेततो. अमेरिकेच्या नासा संस्थेने लांब पल्ल्याच्या विमानांतील वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटांची विश्रांती देऊन पाहिली. त्यांना सरासरी २६ मिनिटे झोप लागली आणि पुढे त्यांची सावधता सुधारली. पण त्या योजनेत उठल्यानंतर २० मिनिटे केवळ पूर्ण जागे होण्यासाठी राखून ठेवली होती. वैमानिकाला मिळणारी ती २० मिनिटे ऊसाच्या चालकाला व यंत्रावरच्या मजुराला कोणी देत नाही. मुकादमाने हाक मारताच तो उठतो. घरच्या माणसांनी तरी झोपलेल्याला हलवून उठवताच किल्ली हातात देऊ नये; तोंड धुऊ द्यावे, तांब्याभर पाणी पिऊ द्यावे, अंगणात उजेडात चार येरझारा घालू द्याव्यात, मग काम सांगावे.

काही वेळा कारण झोपेच्या पद्धतीत नसून आजारात असते. रात्री सात-आठ तास झोपूनही रोज दिवसा पेंग येत असेल, झोपेत मोठ्याने घोरणे व मध्येच श्वास अडकणे होत असेल, सकाळीच डोके दुखत असेल, तर झोपेतील श्वसनावरोधाची शंका घ्यावी. स्त्रियांमध्ये रक्तातील लोह कमी असणे व थायरॉईड मंदावणे या कारणांनी येणारी सुस्ती ‘आळस’ म्हणून वर्षानुवर्षे दुर्लक्षिली जाते. सर्दीच्या अनेक गोळ्यांनीही गुंगी येते. रोज तासाभराहून अधिक दिवानिद्रा घेणाऱ्यांत मधुमेह व हृदयविकार अधिक आढळल्याचे अभ्यास आहेत. परंतु झोपेमुळे आजार की दडलेल्या आजारामुळे झोप, हे त्यांतून निश्चित होत नाही. अशा वेळी ध्यानाने प्रश्न सुटेल असे सांगणाऱ्याचे न ऐकता प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यावे.

विहारांतून भरणाऱ्या श्रामणेर शिबिरांच्या व्यवस्थापकांना एक सूचना करावीशी वाटते. शिबिरात पहाटे चारला उठवले जाते, अकराच्या सुमारास भोजन होते आणि लगेच बारा वाजता ध्यानाची बैठक ठेवली जाते. मग रांगेतील निम्मे शिबिरार्थी डुलतात आणि त्यांना सर्वांसमक्ष बोलणी खावी लागतात. त्यांत अनेकजण आदल्या आठवड्यात रात्रपाळी करून आलेले असतात. भोजनानंतर पाऊण तास विश्रांती, त्यातली झोप वीस-पंचवीस मिनिटांची. आदल्या रात्रीचे जागरण असलेल्यांना मागची खोली व दीड तासाची मोकळीक. त्यानंतर सर्वांनी डोळ्यांवर पाणी मारून सावलीत पंधरा मिनिटे चंक्रमण, त्यानंतर मोठ्याने सुत्तपठण, आणि मग आनापानसतीची बैठक, असा क्रम ठेवावा. चंक्रमणासाठी विहाराच्या पूर्वेकडील भिंतीलगतची जागा सोयीची; दुपारनंतर तेथे सावली असते.